घुमटातले जग आणि वावरातले जहाज

गेल्या नोव्हेंबरात, कापसाची दुसरी वेचणी सुरू असताना, आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात एक फिरता घुमटपट दोन दिवसांच्या मुक्कामाला आला होता. हवेने फुगवलेल्या काळ्या कापडी घुमटात प्रेक्षकांना सतरंजीवर उताणे निजवायचे आणि डोक्यावरच्या अर्धगोलात चहूबाजूंनी चित्र दाखवायचे, असा हा खेळ आहे. बाहेर बांधलेल्या फलकावर ‘जगातील अद्भुत स्थळे आणि त्यांच्या दडलेल्या कथा’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. तिकीट मोठ्यांना ५० रुपये, विद्यार्थ्यांना ३० रुपये आणि खेळाचा वेळ ४० मिनिटे. शाळा व्यवस्थापन समितीने हा खेळ बोलावण्याआधी निवृत्त शिक्षक म्हणून माझा सल्ला घेतला होता, त्यामुळे खेळ रंगला तर श्रेय समितीचे आणि फसला तर दोष गुरुजींचा, ही वाटणी आधीच झालेली होती. दोन दिवसांत मी तो पाच वेळा पाहिला. आता आसपासच्या गावांतील शाळांकडून ‘बोलवावा का?’ अशी विचारणा होऊ लागली आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. व्यावसायिकाचे नाव देत नाही, कारण एकच चित्रफीत अनेक मंडळी निरनिराळ्या नावांनी फिरवतात असे त्याच्याच चालकाने मला सांगितले. तेव्हा तुमच्या गावात येणाऱ्या घुमटावर नाव कोणतेही असले तरी आतला माल हाच असण्याचा संभव आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. चित्रे पैसे वसूल करून देणारी आहेत आणि निवेदन त्या चित्रांना शोभणारे नाही. ‘दडलेल्या कथा’ सांगण्याचे वचन देऊन नेमक्या त्याच कथा दडवून ठेवण्याचा प्रकार या निवेदनात इतक्या सातत्याने झाला आहे की, पाचव्या खेळापर्यंत मी ‘रहस्य’ या शब्दाची मोजदाद करू लागलो होतो; ती एकाच खेळात २७ भरली.

घुमटाचा व्यास साधारण सात मीटर असावा. दरवाजा असा काही नाही; कापडाच्या बुटक्या बोगद्यातून वाकून, आणि आमच्या गावातील म्हाताऱ्या बायांच्या बाबतीत तर चक्क रांगत, आत जावे लागते. आत रबराचा आणि उन्हात तापलेल्या ताडपत्रीचा वास कोंडलेला असतो. मध्यभागी एका पत्र्याच्या पेटीवर रुंद भिंगाचा प्रोजेक्टर असतो आणि मागे हवा भरणारा पंखा अखंड घरघरत राहतो, त्यामुळे पंख्याजवळ बसणाऱ्याला निवेदनातील निम्मे शब्द ऐकू येत नाहीत. हा पंखा बंद पडला की घुमटही उरत नाही. पहिल्या दिवशीच्या तिसऱ्या खेळात भारनियमनाने तेच झाले. चालकाने आणलेल्या जनरेटरमध्ये डिझेल नव्हते, ते आणायला एक पोरगा मोटारसायकलवर गेला, आणि तोवर तारांकित छत हळूहळू आमच्या नाकाशी येऊ लागले. ‘अवो बाई, आभाय खाली येऊन राह्यलं!’ असे एक आजी ओरडल्या आणि सगळा घुमट हसण्याने हलला. कोणाला काही इजा झाली नाही, पोरांना तर तोच भाग सर्वांत आवडला; परंतु ३५ जणांच्या जागेत ५० जणांना कोंबलेले असताना हे घडले, ही गोष्ट आयोजकांनी हसण्यावारी नेऊ नये.

चित्रपटाची सुरुवात तुर्कमेनिस्तानातील काराकुम वाळवंटात दरवाझा येथे पेटलेल्या वायूच्या विवराने होते. सुमारे ७० मीटर रुंद आणि ३० मीटर खोल असा तो खड्डा रात्रीच्या अंधारात तळापासून काठापर्यंत धगधगत असतो, आणि घुमटात तो थेट पोटाखाली उघडल्यासारखा दिसतो तेव्हा पुढच्या रांगेतील मुले खरोखरच मागे सरकतात. निवेदक सांगतो की १९७१ साली सोव्हिएत भूगर्भतज्ज्ञांचे यंत्र जमिनीत खचले, विषारी वायू पसरू नये म्हणून त्यांनी काडी लावली, आणि काही आठवड्यांत विझेल असे वाटलेली आग आजही जळत आहे. ही कथा जगभर अशीच सांगितली जाते. पण तिचा त्या काळातील कागदोपत्री आधार सापडलेला नाही, आणि खड्डा १९६० च्या दशकातच खचला व आग १९८० च्या दशकात लागली असे सांगणारे तुर्कमेनी भूगर्भतज्ज्ञही आहेत. २०१३ साली जॉर्ज कुरुनिस नावाचे कॅनडाचे संशोधक-प्रवासी उष्णतारोधक पोशाख घालून दोराने त्या खड्ड्याच्या तळाशी उतरले. तिथून आणलेल्या मातीत त्या धगीतही जगणारे जिवाणू आढळले. ही दडलेली कथा खरी, आणि मुलांना ती सांगितली असती तर सुटीत त्यांनी दुसरा विषय काढला नसता. चित्रफितीत तिचा उल्लेख नाही. आग अलीकडच्या वर्षांत बरीच मंदावली आहे, हेही नाही.

त्यानंतर बोलिव्हियातील सालार दे उयुनी येते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर दहा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेले हे मिठाचे पठार पावसानंतर बोटभर पाण्याने झाकले जाते आणि मग वरचे आभाळ खाली जसेच्या तसे उतरते. घुमटात हे दृश्य अप्रतिम दिसते, कारण वर-खाली असा भेदच उरत नाही. आमचे गाव पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आहे, हे इथे सांगितले पाहिजे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील या पट्ट्यात विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते ना पिण्याच्या कामाचे ना ओलिताच्या. काळ्या चिकणमातीला ते दिले तर जमीन उन्हाळ्यात फरशीसारखी कडक होते. म्हणून इथला शेतकरी पावसावर आणि शेततळ्यावर जगतो. त्यामुळे इतरत्र ज्या दृश्याला ‘वा!’ म्हणून दाद मिळत असेल, त्याला आमच्याकडे आधी थोडी शांतता आणि मग अंधारातून एका बाईचा प्रश्न आला: ‘एवढं मीठ हाय, मंग थ्या गावची मानसं प्याचं पानी कुठून आनतात?’

निवेदकाच्या लेखी तिथे माणसेच नव्हती. ‘मानवाचा स्पर्श न झालेली भूमी’ असे त्याचे शब्द आहेत. वास्तविक पठाराच्या काठावर कोल्चानी नावाचे गाव आहे आणि तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या हे मीठ खरवडून, त्याचे शंकूसारखे लहान ढीग करून, निथळल्यावर वाहून नेतात. त्या ढिगांची रांग चित्रात स्पष्ट दिसते. आणि निवेदक त्यांनाही निसर्गाची किमया म्हणतो! या पठाराचा सपाटपणा असा आहे की मैलोन्‌मैल चालूनही उंचीत मीटरभराचाही फरक पडत नाही, आणि म्हणून उपग्रहांवरील उंचीमापक यंत्रे जुळवून घेण्यासाठी शास्त्रज्ञ त्याचा उपयोग करतात. कवचाखालच्या खाऱ्या पाण्यात लिथियमचा प्रचंड साठा आहे आणि त्याच्या मालकीवरून त्या देशाचे राजकारण तापत असते. आमच्या गावातील मुलांच्या हातातल्या मोबाइलची बॅटरी याच धातूवर चालते, हे एक वाक्य पुरेसे झाले असते.

मेक्सिकोतील नाइका खाणीच्या भागाला मात्र मी पूर्ण गुण देतो. चिवावा प्रांतातील या शिसे, जस्त आणि चांदीच्या खाणीत २००० साली सुमारे ३०० मीटर खोलीवर कामगारांना एक गुहा लागली आणि तिच्यात जिप्समचे अकरा-अकरा मीटर लांबीचे, माणूस ज्यावर चढून चालू शकेल असे पारदर्शक स्फटिक आडवेतिडवे पडलेले दिसले. घुमटात हे खांब चहूबाजूंनी आपल्यावर रेलतात आणि पोशाख घातलेला एक संशोधक त्यांच्या मधून मुंगीसारखा जातो, तेव्हा आकाराचे भान येते. गुहेत तापमान ५८ अंशांपर्यंत आणि हवेतील ओलावा नव्वद टक्क्यांच्या वर असल्याने विशेष पोशाखाविना माणूस दहा मिनिटांहून अधिक तग धरू शकत नाही, हे निवेदकाने बरोबर सांगितले आहे. स्फटिक कसे झाले हेही बरे सांगितले आहे: खालच्या तप्त शिलारसाने गरम राहिलेल्या पाण्यात विरघळलेले खनिज, तापमान लाखो वर्षे जवळजवळ स्थिर राहिल्यामुळे, कणाकणाने साचत गेले. आमच्या सहावीच्या मुलांना तुरटीचा खडा दोऱ्याला बांधून वाढवण्याचा प्रयोग माहीत असल्यामुळे त्यांना ते लगेच उमगले.

चूक पुढे होते. ‘चला तर, आपणही या स्फटिकनगरीला भेट देऊ या’ असे म्हणून निवेदक हा भाग संपवतो. ती गुहा कोरडी होती ती केवळ खाणीचे पाणी पंपांनी सतत उपसले जात होते म्हणून. २०१५ साली उपसा थांबला आणि गुहा पुन्हा पाण्याखाली गेली. आता तिथे कोणालाही जाता येत नाही. पावसाळ्यात इंजिन बंद केले की अर्धी खोदलेली विहीर दोन दिवसांत कशी भरते, हे ज्या गावाने पाहिले आहे त्या गावाला ही गोष्ट समजावून सांगण्याचीही गरज पडली नसती. पाण्यात बुडाल्यामुळे ते स्फटिक हवेतील झिजेपासून वाचले असून कदाचित पुन्हा वाढूही लागतील, हा तर या कथेचा सर्वांत सुंदर भाग आहे.

भारतातील एकच स्थळ निवडले आहे, ते म्हणजे उत्तराखंडमधील रूपकुंड. सुमारे पाच हजार मीटर उंचीवरच्या या छोट्याशा तळ्यात शेकडो माणसांचे सांगाडे आहेत. १९४२ साली एका वन कर्मचाऱ्याने त्यांची वार्ता बाहेर आणली. निवेदकाने एका राजाच्या यात्रेची आणि देवीच्या कोपाने पडलेल्या गारांची लोककथा घेतली, कवट्यांवरील जखमांचा दाखला जोडला आणि विषय मिटवला. लोककथा अवश्य सांगावी, पण २०१९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेसह अनेक देशांच्या संशोधकांनी त्यांतील ३८ सांगाड्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो या चित्रफितीच्या निर्मात्यांपर्यंत पोहोचला नसावा. त्यांतील २३ माणसे भारतीय उपखंडातील होती आणि तीही एकाच वेळी मेलेली नव्हती. १४ जणांचे वंशसूत्र थेट पूर्व भूमध्य सागराच्या बाजूच्या, ग्रीस-क्रीटकडील लोकांशी जुळले आणि त्यांचा मृत्यू साधारण १८०० च्या सुमाराचा निघाला. एक जण आग्नेय आशियातील होता. पेशवाईच्या अखेरच्या काळात ग्रीसकडची चौदा माणसे गढवालच्या बर्फात कशासाठी गेली होती, याचे उत्तर आजही मिळालेले नाही. जिथे खरोखर रहस्य आहे, तिथे निवेदकाने तो शब्द वापरलेला नाही, हे मला विशेष वाटले.

आता अरल समुद्राविषयी, कारण हे परीक्षण लिहायला मी बसलो ते मुख्यतः त्यासाठी.

दृश्य असे आहे. दुपारच्या उन्हात पिवळसर वाळू, तिच्यात खुरटी झुडपे, आणि मधोमध गंजून तांबडी झालेली, पोट फाटलेली मोठमोठी जहाजे उभी. पाण्याचा थेंब नाही. एका जहाजाच्या सावलीत गाय रवंथ करीत बसलेली. कॅमेरा जहाजाच्या पोटात शिरतो, वारा पत्र्यातून शिट्टी घालतो आणि भुतांच्या चित्रपटात वाजते तसे संगीत सुरू होते. ‘समुद्र गेला कुठे? वाळवंटात जहाजे आली कशी? काळाच्या उदरात दडलेले एक रहस्य!’ असे म्हणून निवेदक गप्प होतो आणि पुढचे स्थळ लागते. हा सगळा भाग अडीच मिनिटांचा आहे.

दुसऱ्या दिवशी सायंकाळच्या खेळाला वेचणी आटोपून आलेल्या बाया आणि काही वयस्क शेतकरी होते. कोणाच्या लुगड्याला सरकीचे तंतू चिकटलेले होते, कोणाच्या बोटांना बोंडाच्या टोकांनी काढलेले ओरखडे होते. माझ्या शेजारी निजलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याने ते दृश्य पाहून मला कोपराने ढोसले आणि म्हटले, ‘गुर्जी, थे जहाज वावरात कसं काय उभं हाय? अन् पानी कुठी गेलं मंग?’ मी चालकाला विचारले. तो भला तरुण होता. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की चित्रफितीत आहे तेवढेच त्याला ठाऊक आहे.

पाणी कापसाने नेले. कझाकस्तान आणि उझबेकिस्तान यांच्या सीमेवरचा हा समुद्र म्हणजे खरे तर खाऱ्या पाण्याचे सरोवर. १९६० साली त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर होते आणि आकाराने ते जगात चौथे होते. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या त्याला पोसत. सोव्हिएत सरकारने मध्य आशियाचे वाळवंट कापसाखाली आणायचे ठरवले, नद्यांवर कालवे काढले आणि समुद्राकडे जाणारे पाणी वाटेतच शेतांकडे वळवले. काराकुम कालव्याचे काम १९५४ मध्ये सुरू झाले. त्याला अस्तरीकरण नव्हते आणि बरेचसे पाणी वाळूत मुरूनच जाई. नद्या आटल्या, सरोवर मागे हटू लागले, उरलेले पाणी इतके खारट झाले की मासे मेले, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी तिथली मासेमारी संपली. १९८७ च्या सुमारास सरोवराचे दोन तुकडे झाले. चित्रात दिसणारी जहाजे मुयनाक या बंदराची आहेत. आज त्या गावापासून पाणी शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मासे संपल्यावरही तिथला मासळी डबाबंद करण्याचा कारखाना काही काळ चालू ठेवण्यात आला आणि त्यासाठी दूरच्या समुद्रांतील गोठवलेली मासळी रेल्वेने आणण्यात आली. सरकारी कारभाराचा ज्याला अनुभव आहे, त्याला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही.

उझबेकी लोक कापसाला ‘पांढरे सोने’ म्हणतात. आम्हीही म्हणतो. एवढेच साम्य असते तर तो योगायोग म्हणून सोडून देता आले असते. परंतु दोन्हीकडच्या कापसाला चालना मिळाली तीही एकाच घटनेने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस येईनासा झाला, आणि इंग्रजांच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तर रशियाच्या गिरण्यांनी मध्य आशियाच्या खोऱ्यांकडे डोळे वळवले. खामगाव आणि अमरावतीच्या कापूस बाजारांना आलेला तो बहर आमच्याकडे आजोबांच्या तोंडून ऐकायला मिळत असे. पुढे उझबेकिस्तानात वेचणीच्या हंगामात शाळा-महाविद्यालये ओस पडत आणि विद्यार्थी, शिक्षक, अगदी डॉक्टरांनाही सक्तीने शेतात पाठवले जाई. आंतरराष्ट्रीय दबावानंतर ही पद्धतशीर सक्ती संपल्याचे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२२ साली नोंदवले. दिवाळीनंतर पटावरची निम्मी मुले वेचणीला गेलेली पाहण्यात माझी तीस वर्षे गेली, पण गुरुजींनाच ओटी बांधून पाठवल्याचे मात्र आमच्याकडे कधी ऐकले नाही.

आणि या कथेचा शेवटचा धागा तर सरळ आमच्या विहिरीशी येऊन जोडला जातो. वाळवंटी जमिनीला वारेमाप पाणी दिल्याने जमिनीखालचे पाणी वर चढले, त्याबरोबर क्षार वर आले आणि कापसाची शेते पांढरी पडू लागली. दुसरीकडे उघड्या पडलेल्या समुद्रतळावरचे मीठ आणि कीटकनाशकांचे अंश वाऱ्याबरोबर गावांवर उडू लागले. आम्हाला खारपाणपट्टा निसर्गाने दिला आहे. त्यांनी तो कालवे खोदून तयार केला. मी हे सारे त्या वृद्ध गृहस्थांना घुमटाबाहेर, निंबाखालच्या पारावर बसून सांगितले, तेव्हा हळूहळू पंधरा-वीस माणसे जमली आणि चर्चा पार ओलिताच्या पाळ्यांपर्यंत आणि ठिबकच्या अनुदानापर्यंत गेली. अडीच मिनिटांच्या चित्राने गावाला तासभर बोलते केले होते. कझाकस्तानने २००५ मध्ये बांधलेल्या कोक-अरल धरणामुळे उत्तरेकडच्या लहान तुकड्यात पाणी चढले आणि मासे परतले, हे सांगितल्यावर त्या गृहस्थांनी ‘म्हंजे सगयं नाई गेलं’ एवढेच म्हटले आणि चुन्याची डबी काढली. हे सगळे निवेदनात सहज बसले असते. त्याऐवजी कापूस पिकवणाऱ्या माणसांना कापसाची कथा भुताची म्हणून विकण्यात आली, आणि तीही ५० रुपये घेऊन.

ऑस्ट्रेलियातील कूबर पेडी या गावाचा भाग त्यामानाने ठीक आहे. १९१५ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाला तिथे ओपल हे रत्न सापडले आणि खाणकामगारांनी वाळवंटाच्या उन्हापासून बचाव म्हणून जमिनीखालीच घरे, चर्च आणि दुकाने कोरली. बाहेर चाळीस-पंचेचाळीस अंश तापमान असताना आत चोवीस अंशांच्या आसपास राहते, हे ऐकून अख्ख्या घुमटातून जो सुस्कारा निघाला तो वऱ्हाडातला उन्हाळा काढलेल्यालाच कळेल. तुर्कस्तानातील देरिनकुयू या भूमिगत नगराचा भाग घाईत उरकला आहे. १९६३ साली घराची दुरुस्ती करताना भिंत पाडली आणि मागे ८५ मीटर खोल जाणारे शहर निघाले, एवढे सांगून निवेदक थांबतो. उरलेल्या तीन स्थळांवर लिहिण्यासारखे काही नाही. एक धबधबा, एक गुलाबी किनारा आणि एक बर्फाची गुहा, तिन्हींना एकच संगीत.

यादीत लोणार नाही. बुलडाणा जिल्ह्यातले हे विवर आमच्या तालुक्यातून एका दिवसात पाहून परतता येते. बेसॉल्टच्या कातळावर उल्का आदळून झालेली जी मोजकी विवरे पृथ्वीवर टिकली आहेत, त्यांत त्याची गणना होते, आणि चंद्रावरील व मंगळावरील विवरे समजून घेण्यासाठी जगभरचे अभ्यासक तिथे येत असतात. रुंदी सुमारे १.८ किलोमीटर, ते ज्वालामुखीचे नसून आघाताचे आहे हे १९७३ साली तिथल्या दगडांतील आघाताने काचेसारख्या झालेल्या खनिजावरून सिद्ध झाले. वयाबद्दल पूर्वी सुमारे ५२,००० वर्षे म्हणत. नंतरच्या मोजणीने ते ५,७०,००० वर्षांच्या आसपास नेले. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा गावोगावी तर्कांना ऊत आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा परिणाम असल्याचे दाखवले, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळाचा दर्जा मिळाला. लवणासुराची कथा तर आमच्या प्रत्येक घरात सांगितली जाते. ‘लोणार का नाही?’ असे सातवीतल्या एका मुलीने चालकाला विचारले तेव्हा तो म्हणाला की चित्रफीत बाहेरून येते, तिच्यात आपले काही नसते. त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला निराशा म्हणता येणार नाही. शिक्षकाला एखादी गोष्ट येत नाही असे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर येतो तसला तो समाधानाचा भाव होता.

खेळ बोलावणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. आम्ही आठ खेळांची हमी आणि निम्मी रक्कम आगाऊ दिली होती. पावती मागावी लागली, पण मिळाली. एका खेळाला ३५ पेक्षा जास्त माणसे बसवणार नाही, हे लिहून घ्या आणि बोगद्याच्या तोंडाशी स्वतःचा माणूस उभा करा. जनरेटर आहे का असे विचारून थांबू नका, त्यात डिझेल आहे का हे झाकण उघडून पाहा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी घुमटाची कड उचलून वाट करून देता येते. चालक ते आपणहून सांगत नाही, विचारले तर लगेच करतो. दुपारी बाराच्या पुढचे खेळ थंडीच्या दिवसांतही आत घामाघूम करतात, सायंकाळचे उत्तम. बालवाडीच्या मुलांना दरवाझाचा भाग भीतिदायक वाटतो, त्यांना दारालगत बसवा.

आणि शक्य असेल तर निवेदन बंद करायला सांगा. शेवटच्या खेळात आम्ही तेच केले. चालकाने आवाजाची कळ शून्यावर नेली, पंख्याच्या घरघरीवर मात करीत मी माझ्या वर्गातल्या आवाजात बोलत गेलो, आणि मुयनाकची जहाजे आली तेव्हा त्या वृद्ध शेतकऱ्यांनी मला थांबवून पुढचे स्वतः सांगितले, त्यांच्या भाषेत, नदीपासून कापसापर्यंत. मी सांगितलेल्या आकड्यांपैकी दोन त्यांनी चुकवले आणि बाकी एकही धागा सोडला नाही. तोच खेळ सर्वांत चांगला झाला असे मुलांचे मत पडले. तरुण चालकाने निघताना माझ्याकडून दुरुस्त निवेदन लिहून मागितले. रात्री बसून मी सहा पाने लिहून दिली, लोणारचे एक पान न मागता जोडले. ती त्याने प्रोजेक्टरच्या पेटीत, भिंग पुसायच्या फडक्याखाली ठेवली आणि छोटा हत्ती दर्यापूरच्या रस्त्याला लागला. तुमच्या गावी आलेल्या घुमटात अरल समुद्राच्या दृश्याला कापसाचा उल्लेख ऐकू आला, तर मला अवश्य कळवावे.